आजी, तळा आणि निन्टेन्डो

तळा म्हटलं की ऑफिसातली मंडळी हमखास विचारतात, ‘कुठलं तळं?’ अहो, गाव आहे ते! मुंबई-गोवा हायवेने खाली आलात की इंदापूरला उजवीकडे वळायचं. डोक्यावर तळगड, पलीकडे मांदाडची खाडी. बीच-बिच नाही. माझं आजोळ आहे, म्हणून माझी दर वर्षीची फेरी ठरलेली.

२००९च्या गणपतीत निघताना मित्राचा निन्टेन्डो डीएस बॅगेत टाकला. सोबत ‘क्रोनो ट्रिगर’. १९९५चा हा जपानी रोल-प्लेइंग गेम मुळात टीव्हीसमोर बसून खेळायचा. डीएसवर तो २००८ला आला. टीव्हीवर मी तो दोनदा सुरू करून दोनदा सोडला होता. कारण सोपं आहे. आरपीजी म्हणजे वीस-तीस तासांचा मामला. गावोगाव फिरा, लोकांशी बोला, राक्षस मारा, लेव्हल वाढवा. टीव्हीवर खेळायचं तर आधी हॉल अडवा, घरच्यांच्या सीरियल्स बुडवा, मग रविवारचे चार तास मोकळे काढा. पुढचे दोन रविवार लग्नात गेले की गोष्ट विसरलीच!

तळ्याला लोडशेडिंग होतं. दुपारी लाइट गेले की टीव्हीचा प्रश्नच मिटला. डीएस मात्र चार्ज केलेला, ब्राइटनेस कमी ठेवला तर आरामात दिवस काढणारा. ओटीवर बसलो आणि सुरू केलं. आजी बाजूला वालाचं बिरडं सोलत होती.

गेमची सुरुवातच अशी की आई पडदे सरकवून मुलाला उठवते. गावात राज्याला हजार वर्षं झाल्याची जत्रा आहे, मुलगा झोपलाय! आजी वाकून बघत म्हणाली, ‘तुझ्यासारखाच दिसतोय.’ संपलं. त्या क्षणापासून क्रोनो आमच्या घरचा झाला.

आता लेव्हल वाढवणं. तीच तीच लढाई पन्नास वेळा. टीव्हीसमोर हे करताना आपण आयुष्य वाया घालवतोय असं वाटायचं. ओटीवर ते बिरडं सोलण्यासारखं निघालं! हात चालू, तोंड मोकळं. आजी कुणाच्या मुलीचं कुठे जमलं ते सांगतेय, मी राक्षस मारतोय, दोघांचंही काम पुढे सरकतंय. आरतीची हाक आली की झाकण मिटायचं. डीएस झोपतो, लढाई तिथल्या तिथे थांबते. परत उघडा, राक्षस तसाच उभा. माझ्या मते हँडहेल्डवर आरपीजी जास्त रंगतात त्यातलं अर्धं श्रेय या झाकणाला आहे.

एका सकाळी तळगडावर गेलो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या, जपून. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि समोर घोसाळगड. मग कुड्याची लेणी. तिथे ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत: कुणी माळी, कुणी लोखंडाचा व्यापारी. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, वाट्याला एक ओळ. आरपीजीच्या गावात असंच असतं ना! दारातल्या प्रत्येकाला एकच वाक्य. मी तिथेच पायरीवर बसून, पाऊस थांबेपर्यंत, क्रोनोच्या गावातल्या सगळ्यांशी पुन्हा बोलून आलो. टीव्हीवाल्यांनो, हे जमवून दाखवा.

विसर्जनाच्या आदल्या रात्री घोटाळा झाला. क्रोनो मेला. खराच. स्क्रीन पांढरा, पोरगा राख! (गेम तीस वर्षं जुना आहे, आता रहस्य फोडल्याबद्दल ओरडू नका.) आजीच्या हातातला वाल हातातच राहिला.

‘परत येतो का रे?’

‘येतो. पण आणावा लागतो. नाही आणला तरी गेम संपतो.’

‘नाही आणला तरी म्हणजे काय?’ आजी भडकली. ‘आणायचा!’

मी मुंबईला परतलो. दर रविवारी फोन, जेवलास का, आणि मग ‘आला का तो?’ मी एकट्याने पुढे जाणार नव्हतो. दीड महिना लोकलमध्ये फक्त उरलेल्यांची लेव्हल वाढवली.

दिवाळीत ओटीवर, पणत्यांच्या उजेडात, आम्ही त्याला आणलं. जत्रेतल्या तंबूत जिंकलेली त्याच्यासारखीच बाहुली घ्यायची, बर्फाचा डोंगर चढायचा, गोठलेल्या काळात शिरून पोराच्या जागी बाहुली ठेवायची. डोंगरावरचा वारा दोनदा खाली ढकलत होता, आजी मलाच रागावत होती. जमलं तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला.

२०१७ला निन्टेन्डोचं स्विच आलं, हातातही चालतं आणि टीव्हीलाही लागतं. मी ते टीव्हीला फारसं लावलेलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो, तशी आजी खिडकीपाशी आली. डबा दिला, आणि म्हणाली, ‘त्याच्या आईला कळवलंस का?’

नव्हतं कळवलं. इंदापूर यायच्या आत त्याला घरी नेऊन आईसमोर उभा केला.