वाहनांचा चातुर्मास

संन्याशाने पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी राहावे असा धर्मशास्त्राचा दंडक आहे, आणि बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाचा नियमही तसाच, मात्र तीन महिन्यांचा. आमच्या पहूरवरून वाहणारी वाघूर नदी ज्या अजिंठ्याच्या डोंगरातून येते, तेथील विहारांत भिक्षू पावसाळा काढीत. परंतु वाहनांसही चातुर्मास असतो, ही गोष्ट शहरच्या वाचकांच्या सहसा ध्यानी येत नाही. डांबरी सडकेवर मोटार बारमाही धावते. खानदेशच्या काळ्या जमिनीत मात्र मृग नक्षत्र चांगले बरसले की गाडीवाट राहत नाही. चाकास चिकटलेली माती चाकाहून जड होते. तेव्हा वैशाखात खत शेतावर टाकून झाले की गाडी सोडावयाची, ती कापसाच्या वेचणीस पुन्हा जोडावयाची, असा पूर्वापार क्रम आहे.

यंदा आमच्या घरी ह्या साध्या क्रमावरून पेच उत्पन्न झाला. कोरडी पडवी एकच आणि वाहने दोन. एक आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनी करविलेली बैलगाडी, आणि दुसरे थोरल्या पुतण्याने बँकेचे कर्ज काढून घेतलेले ट्रॅक्टर. पुतण्याचे म्हणणे असे, की ज्याचे हप्ते फेडावयाचे आहेत ते छपराखाली राहिले पाहिजे. त्यातच लेण्यांच्या रस्त्यावरील एका हॉटेलवाल्याने गाडी दाराशी शोभेस ठेवण्याकरिता मागितली आणि किंमतही बरी सांगितली. वहिनींनी ऐकून घेतले आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, यांच्या हातची गाडी शोभेला उभी राहायची असेल तर मग आपल्याच दारात का राहू नये?" पुतण्या निरुत्तर झाला, परंतु पडवी काही रुंद झाली नाही.

गाडीचा कैवार आम्ही केवळ जुन्याच्या मोहाने घेत नाही. आमच्याकडे बैलांची एक जोडी अद्याप आहे, कारण उभ्या कपाशीत कोळपे बैलांनीच नीट चालते. शिवाय आश्विनात वरून सुकलेली आणि आतून ओली अशी जी जमीन असते, तिच्यात ट्रॅक्टर रुतले तर ते ओढण्यास दुसरे ट्रॅक्टर आणावे लागते; गाडी मात्र आपल्या उंच चाकांच्या बळावर हळूहळू का होईना, निघून जाते. आमचा धाकटा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा संस्थानात असतो. तिकडे बर्फ, रान, दलदल कोठेही चालणारे चार जाड चाकांचे एक वाहन मिळते. त्यास ते लोक 'ए.टी.व्ही.' म्हणतात. सर्व भूमीवर चालणारे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मते तो किताब बैलगाडीने त्यांच्या कितीतरी आधी मिळविला आहे.

ह्या धाकट्याने दूरध्वनीवर आपल्या वाहनाच्या मुक्कामाची हकीकत सांगितली, ती ऐकून आम्हांस मौज वाटली. तिकडे ऋतू निराळा, काळजी तीच. थंडीपूर्वी तो गाडी धुऊन कोरडी करितो. पेट्रोल फार दिवस पडून राहिल्यास त्याचा चिकटा होऊन बारीक छिद्रे बुजतात, म्हणून त्यात ते टिकविणारे द्रव्य घालून इंजिन थोडा वेळ चालवितो. बॅटरी काढून घरात आणितो, कारण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल जवळजवळ पाण्यासारखे होते आणि ते गोठून पेटी फुटते. थंड करणाऱ्या पाण्यात न गोठणारे द्रव्य मिसळतो. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही. आपले शत्रू ओल, गंज, उंदीर आणि वाळवी.

थोरल्याने ट्रॅक्टरची व्यवस्था जी केली ती शास्त्रशुद्ध होती हे आम्ही प्रांजळपणे नमूद करितो. इंजिनातील तेल त्याने मुक्कामापूर्वीच बदलले. जळक्या तेलात आम्लाचा अंश असतो आणि तो चार महिने आतल्या धातूस खात बसतो. डिझेलची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचत नाही. बॅटरीची तार सोडताना आधी ऋण टोकाची सोडली. क्लचचा पायदाब दाबून लाकडी ठोकळ्याने अडकविला, नाहीतर आतील तबकड्या दमटपणाने एकमेकींस चिकटतात. धुराड्याच्या तोंडावर त्याने डबा पालथा घातला, तो वहिनींच्या स्वयंपाकघरातला होता, हे पुढे उघडकीस आले. पुण्यामुंबईचे जे वाचक परदेशी मुलांकडे चार-सहा महिने राहावयास जातात, त्यांनीही दाराशी उभ्या असलेल्या स्कूटरची तार सोडून आणि चाकांत हवा भरून जावे.

आता गाडीविषयी. तिचा मुक्काम म्हणजे तिला सोडविणे, आणि पडवीचा पेचही त्यानेच सुटला. आसाच्या टोकांच्या खिळी काढल्या, चाके उतरविली, साटी भिंतीशी उभी केली, जू आढ्यास टांगले. अखंड गाडीस जी जागा लागते तिच्या चतुर्थांशात सारे मावले आणि उरलेल्या जागेत ट्रॅक्टर आले. मिलिंद राजास नागसेन भिक्षूने विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. आमच्या वहिनी मात्र भिंतीस टेकलेल्या त्या सामानाकडे पाहून "गाडी नीट ठेवलीत" असेच म्हणाल्या, आणि तत्त्वज्ञान तेथेच संपले.

ह्या कामात आम्हांस आणखी एक आनंद झाला. युग म्हणजे जू, अक्ष म्हणजे आस, अर म्हणजे आरा, धुर् म्हणजे धुरा. वेदकाळच्या रथाचे शब्द आमच्या पडवीत, अंगाला वंगण फासून, जसेच्या तसे उभे होते. वर्गात ही व्युत्पत्ती आम्ही पुष्कळ वर्षे सांगितली. मुले जांभया देत.

चाक जमिनीस टेकू द्यावयाचे नाही, खाली दगड किंवा विटा घालावयाच्या. ओल खालून चढते आणि तिच्यामागून वाळवी. लाकडास जवसाचे तेल दोनदा चोळावे. तुंब्यातील जुने वंगण खरडून काढावे, कारण त्यात वर्षभराची धूळ मिसळून त्याची कानस झालेली असते. मुख्य परीक्षा धावेची. उन्हाळ्यात लाकूड आटते, आरे आणि पुठे सैल होतात, आणि लोखंडी धाव खुळखुळू लागते. आमची एक धाव तशी झाली होती. साडेचार फूट व्यासाच्या चाकाची धाव सुमारे चौदा फूट लांब. ती लालभडक तापविली की इंचभर वाढते. तेवढ्या इंचात ती चाकावर बसवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे. ती आकसते आणि सारे सांधे एकदम आवळते. लांबी अधिक राहिली तर चाक खिळखिळे राहते, फार कमी केली तर आरे वाकतात. हे माप ज्याच्या डोळ्यांत आहे असा म्हातारा लोहार आमच्या माहितीत एकच उरला आहे, तोही शेजारच्या गावी. एके काळी पहूर स्टेशनावर उतरून लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशांस पुढे गाड्याच लागत, तेव्हा असे कारागीर विपुल होते. पाचोरा–जामनेरची ती अरुंद रूळांची गाडीही २०२० च्या महामारीत थांबली.

लोहार आला, गोवऱ्यांचे कडे रचून त्याने धाव तापविली. पुतण्या प्रथम दुरून पाहत होता. मग सांडशी धरावयास माणूस कमी पडला आणि त्यास पुढे व्हावे लागले. वाफेच्या लोटात धाव बसली. चाकावर हातोडा मारून लोहाराने आवाज ऐकविला, आणि पुतण्याकडे पाहून म्हणाला, "ऐकून ठेवा दादा. पुढच्या खेपेला माझ्या हातांचा भरवसा नाही."

पुतण्याने त्याच संध्याकाळी धावेचा परीघ फितीने मोजला आणि ट्रॅक्टरच्या हिशेबाच्या वहीत, हप्त्यांच्या शेजारी, लिहून ठेविला. हॉटेलवाल्यास नकार त्यानेच कळविला. दसऱ्यास चाके आसावर चढवावयाची आहेत. वंगणास लागणारे एरंडेल त्याने आतापासून आणून ठेविले आहे, आणि वहिनींनी आपला डबा मात्र परत मागितला आहे.