वाटणीच्या उंबरठ्यावरून परतलेला मुलूख

वाचकहो, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली की पहिला तंटा कशावरून होतो, हे तुम्हाला सांगायला नको. विहीर कोणाकडे आणि वाट कोणाच्या बांधावरून, यावरूनच. कॅनडा देशातील क्वेबेक प्रांतात सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच वसाहतवाल्यांनी जमिनी वाटल्या, तेव्हा त्यांनी हा तंटा आधीच मिटवून टाकला. सेंट लॉरेन्स नावाच्या मोठ्या नदीच्या काठाने त्यांनी जमिनीच्या अरुंद, लांबच लांब पट्ट्या पाडल्या. पट्टीचे नदीकडचे तोंड साधारण १७५ मीटर आणि लांबी पावणेदोन किलोमीटर. जमीन थोडी असो वा फार, प्रत्येक घराला नदीचा काठ मिळाला. त्या काळी नदी हाच रस्ता होता. उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात पाणी गोठले की त्यावरून घसरगाडी.

एका एप्रिल महिन्यात भाच्याकडे जाण्याच्या निमित्ताने मला हा मुलूख पाहायला मिळाला. मॉन्ट्रियल शहरातून क्वेबेक शहराकडे नदीच्या उत्तर काठाने जुना रस्ता जातो. त्याला 'राजाचा रस्ता' म्हणतात. तो १७३७ साली पुरा झाला. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट. पट्ट्या अरुंद असल्यामुळे घरे एकाला एक लागून, रस्त्याच्या कडेने ओळीने उभी. शेजारी हाकेच्या अंतरावर. मध्येच चकचकीत पत्र्याच्या उंच कळसाचे चर्च आले की समजावे, गाव आले. शेतांतून अजून बर्फाचे ठिगळ दिसत होते आणि नदीतून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या.

इंग्रजांनी नंतर ज्या भागात जमिनी मोजल्या, तेथे त्या चौकोनी पाडल्या. तेथे घर शेताच्या मधोमध आणि शेजारी दूर. एकाच देशातील दोन समाजांचे स्वभाव असे शेताच्या आकारातही दिसतात.

आता या दोन समाजांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १६०८ साली फ्रेंचांनी क्वेबेक शहर वसवले. १७५९ साली त्या शहराबाहेरच्या माळावर इंग्रज फौजेने फ्रेंचांचा पराभव केला आणि १७६३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. फ्रेंच अधिकारी मायदेशी परतले. शेतकरी कोठे जाणार? ते आपल्या पट्टीवर राहिले. इंग्रजांनीही १७७४ साली कायदा करून त्यांचा कॅथलिक धर्म आणि जमीनजुमल्याचे फ्रेंच कायदे चालू ठेवले. १८६७ साली चार प्रांतांचे मिळून कॅनडा हे संघराज्य झाले. आज त्यात दहा प्रांत आहेत. देशात फ्रेंच बोलणारे साधारण पाचात एक. पण क्वेबेकमध्ये दहांतील जवळजवळ आठ जणांची मायबोली फ्रेंच आहे.

मग तंटा कशाचा? तंटा मानाचा आणि भाकरीचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॉन्ट्रियलमधील मोठे कारखाने, बँका आणि व्यापार इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होता. फ्रेंच माणूस आपल्याच प्रांतात बहुसंख्य, पण साहेबाशी बोलायचे तर इंग्रजीत. त्याचे सरासरी उत्पन्नही बरेच कमी होते. केंद्र सरकारने १९६३ साली नेमलेल्या आयोगानेच हे आकडे पुढे आणले. त्यानंतर १९६९ साली इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही केंद्राच्या राजभाषा झाल्या. आज देशभर दुकानातील डब्यांवर दोन्ही भाषांत मजकूर असतो.

पण उशिरा दिलेल्या वाट्याने रुसवा लगेच जात नाही. १९६८ साली रने लेव्हेक यांच्या पुढारीपणाखाली 'पार्ती केबेक्वा' हा वेगळेपणाचा पक्ष निघाला. काही तरुणांनी बॉम्बचा मार्ग धरला. ऑक्टोबर १९७० मध्ये अशाच एका टोळीने प्रांताचे मंत्री पियेर लापोर्त यांना पळवून नेले आणि त्यांचा खून केला. पंतप्रधान पियेर त्रूदो यांनी युद्धकाळाचा कायदा लावला. शेकडो माणसे खटल्यावाचून पकडली गेली. त्यांतील बहुतेकांवर कसलाच गुन्हा शाबीत झाला नाही. सामान्य माणसाला खुनाची किळस आली आणि पकडापकडीचाही राग आला. त्यानंतर वेगळेपणाची चळवळ बंदुकीकडे न जाता मतपेटीकडे वळली, हे त्या मुलखाचे भाग्य.

१९७६ साली लेव्हेक निवडणुकीत जिंकले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी भाषेचा कायदा केला. कामकाज फ्रेंचमध्ये, पाट्या फ्रेंचमध्ये आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांचे शिक्षणही फ्रेंच शाळेत. प्रत्यक्ष फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या थांबण्याच्या पाटीवर 'स्टॉप' लिहितात. क्वेबेकमध्ये मात्र 'आरे' हा फ्रेंच शब्द दिसतो. धाकटा भाऊ कुळाचार जास्त पाळतो, तसे हे. या कायद्याने फ्रेंचला बळ आले, पण पुष्कळ इंग्रज कुटुंबे आणि काही मोठ्या कंपन्यांची मुख्यालये टोरंटोकडे निघून गेली.

देशातून वेगळे व्हावे की नाही यावर दोनदा सार्वमत झाले. मे १९८० मध्ये सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. १९८२ साली देशाची राज्यघटना नव्याने झाली, तिला क्वेबेकच्या सरकारने संमती दिली नाही. पुढे मनधरणीचे दोन प्रयत्न झाले. १९९० आणि १९९२ मध्ये दोन्ही फसले. मग ३० ऑक्टोबर १९९५ रोजी दुसरे सार्वमत झाले. शंभरातील त्र्याण्णवांहून अधिक लोकांनी मतदान केले. 'नाही' ५०.५८ टक्के आणि 'होय' ४९.४२ टक्के. फरक अवघा ५४,२८८ मतांचा. बाद झालेली मतेच ८६ हजारांवर होती. देश फुटता फुटता राहिला.

मी क्वेबेक शहराजवळच्या ऑर्लेआं बेटावर गेलो होतो. १९३५ साली पूल झाला, तोपर्यंत हे बेट जगापासून तुटलेलेच होते. जुन्या पट्ट्या येथे अजून स्वच्छ दिसतात. बटाटा, स्ट्रॉबेरी, सफरचंद ही येथली पिके. मी गेलो तेव्हा मेपलच्या झाडांचा हंगाम चालू होता. रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते, अशा दिवसांत झाडाच्या बुंध्याला भोक पाडून रस धरतात. तो पाण्यासारखा पातळ असतो. झोपडीत रुंद काहिलीत आटवत नेला की चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. चव आपल्या काकवीच्या जवळची. वाफ, जळणाचा वास, भोवती जमलेली पोरे – हुबेहूब आपले गुऱ्हाळ! जगातील निम्म्याहून पुष्कळ अधिक मेपलचा पाक हा एकटा प्रांत करतो.

त्या झोपडीत एक वयस्कर दूध उत्पादक भेटले. भाच्याने मध्ये बसून त्यांचे फ्रेंच मला सांगितले. १९९५ साली त्यांनी 'होय' म्हटले आणि त्यांच्या पत्नीने 'नाही'. पत्नीचा हिशेब गोठ्याचा होता. कॅनडात प्रत्येक दूध उत्पादकाला ठरलेला कोटा असतो. दूध तेवढेच घालायचे, आणि दर मात्र खर्च धरून मिळतो. लोणी आणि चीज ज्यापासून होते त्या दुधाच्या कोट्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या क्वेबेकचा होता, तर लोकसंख्या होती देशाच्या चौथा हिस्सा. म्हणजे आपले दूध शेजारचे प्रांत पितात. "घर वेगळे केल्यावर ते आपल्याच दरात घेतील कशावरून?" हा बाईंचा प्रश्न. नवऱ्याचे म्हणणे असे, की आपल्या आजोबांना गिरणीत फ्रेंच बोलले म्हणून दटावत, ते दराच्या हिशेबात कोठे मांडायचे? दोघांचेही खरे होते. निकालाच्या रात्री दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. पहाटे उठून धारा मात्र दोघांनी मिळून काढल्या.

आणखी एक बाजू आहे. प्रांताच्या उत्तरेला क्री नावाचे मूळ रहिवासी शिकार आणि मासेमारी करून पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांनी १९९५ च्या सार्वमताआधी सहा दिवस आपले वेगळे मतदान घेतले. त्यांतील ९६ टक्के लोकांनी सांगितले, आमच्या संमतीशिवाय आमची भूमी कॅनडातून नेऊ नका. म्हणजे वाटणीतही वाटणी निघाली. जो स्वतःला थोरल्याकडून गांजलेला समजतो, त्यालाही धाकटा असतोच.

या सगळ्यातून कॅनडाने काय केले? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले, की प्रांताला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. पण प्रश्न स्पष्ट विचारला आणि स्पष्ट बहुमताने लोकांनी वेगळेपण मागितले, तर बाकीच्यांना वाटाघाटीला बसावेच लागेल. २००० साली तसा कायदाही झाला. २००६ साली देशाच्या लोकसभेने ठरावाने मान्य केले, की क्वेबेकचे लोक हे अखंड कॅनडातील एक राष्ट्र आहेत. त्याने प्रश्न संपला असे नाही. २०२२ साली भाषेचा कायदा आणखी कडक झाला, तिसऱ्या सार्वमताची भाषाही ऐकू आली आणि २०२५ साली पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतातही वेगळेपणाची चर्चा जोरात होती. तेथे तक्रार भाषेची नाही, तेलाच्या उत्पन्नाची आणि केंद्राच्या धोरणांची.

आपल्या देशाची गोष्ट वेगळी आहे. येथे कोणतीही एक भाषा निम्म्याहून अधिक लोकांची मायबोली नाही, आणि १९५६ पासून भाषावार राज्ये झाल्यामुळे मराठी माणसाला आपले राज्य देशाच्या आतच मिळाले. कॅनडात दोनच मोठे भाऊ. त्यामुळे प्रत्येक भांडण समोरासमोरचे होते. तरीही क्वेबेकचा धडा आपल्या घरात, भावकीत आणि गावातही उपयोगी पडावा असा आहे.

विस्तारकामात मी बांधाचे आणि पाण्याचे तंटे पुष्कळ पाहिले. एकत्र राहा असे नुसते सांगून कोणी एकत्र राहत नाही, आणि दांडगाईने तर नाहीच. आपल्या बोलीला मान आहे, कमाईत वाटा आहे आणि आपले गाऱ्हाणे ऐकणारे कोणी आहे, हे तिन्ही माणसाला दिसावे लागते. क्वेबेकमध्ये पहिला मान उशिरा मिळाला म्हणून घर मोडायला आले, आणि दुधाच्या दरासारखे रोजचे धागे होते म्हणून टिकले. तेव्हा तुमच्या घरी किंवा गावात कोणी 'आम्ही वेगळे होतो' म्हणाला, तर त्याला फुटीर म्हणण्याआधी एवढे विचारा : तुझा काठ कोणी अडवला आहे का? आणि अडवला असेल, तर तो त्याच हंगामात मोकळा करून द्या. पुढच्या पिढीवर ठेवू नका.