हट्टी इंजिन

आमच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची विमाने उडतात. ती दिसली, की माझा सारा वर्ग खिडकीशी! मला मात्र माझे पहिले इंजिन आठवते.

बारावीत मी एनसीसीच्या हवाई शाखेत होतो. छोट्या मॉडेल विमानाचे मुठीएवढे इंजिन सुरू करायचे होते. पंखा फिरवून हात दुखला. इंजिन हूं की चूं करीना. उपाशी असेल, म्हणून मी मेथॅनॉल आणि एरंडेल तेलाचे इंधन आणखी पाजले. तरी ढिम्म!

सर हसले. "अरे, ते उपाशी नाही, बुडालंय! प्लगची तार भिजली, की तापत नाही. मग पेट घेणार काय?" त्यांनी प्लग काढून पंखा फिरवला. इंधनाची पिचकारीच उडाली! तार पुसली, बॅटरी लावताच ती लालबुंद झाली. प्लग बसवून काठीने पंख्याला एकच झटका... टर्रर्र!

परवा एका मुलीला गुणाकार जमेना. मी समजावतच राहिलो. ती रडवेली झाली. तेवढ्यात वरून विमान गेले. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हातचा कुठं मांडू?"

एवढंच अडलं होतं!