छत्तिसाव्या आठवड्याआधी

भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला ऐन पस्तिशीत रक्तदाब निघतो, क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. घरचे कारण शोधू लागतात: कारखान्यातली गरमी, तंबाखू, अंगदुखीसाठी रोज घेतलेली गोळी. या सगळ्याचा मूत्रपिंडावर भार पडतो, यात शंका नाही. पण ही गोष्ट कारखान्यात सुरू होत नाही. ती त्याच्या आईच्या पोटात सुरू झालेली असते, आणि मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून मला हेच सांगायचं आहे.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. गर्भाच्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंत ते तयार होतात, त्यातले निम्म्याहून अधिक शेवटच्या तिमाहीत. पुढे माणूस शंभर वर्षं जगला तरी एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. एका मूत्रपिंडात सरासरी नऊ-दहा लाख नेफ्रॉन असतात. पण शवविच्छेदनात कुणाकडे अडीच लाखांच्या आसपास, तर कुणाकडे वीस लाखांच्या घरात आढळले आहेत.

एवढी तफावत का?

काही वाटा जनुकांचा. सोळाव्या गुणसूत्रावरच्या ‘पीकेडी1’ जनुकात दोष असला तर मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात, आणि आई किंवा वडिलांकडून तो दोष मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. हा खरोखर घराण्यात चालणारा आजार. पण जनुकांचा प्रभाव नेहमी असा ठळक नसतो. माँट्रियलच्या संशोधकांना ‘पॅक्स2’ आणि ‘रेट’ या जनुकांचे अगदी सर्वसामान्य प्रकार असलेल्या नवजात बाळांची मूत्रपिंडं सुमारे दहा टक्क्यांनी लहान आढळली. अशी बाळं दिसायला पूर्ण निरोगी असतात.

उरलेला वाटा आईच्या ताटातला आणि तिच्या कष्टांचा. त्याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच राज्यात आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. फरक नुसत्या वजनाचा नव्हता. आपल्या बाळांची चरबी बऱ्यापैकी टिकलेली होती, कमी पडले होते ते स्नायू आणि पोटाचा घेर, म्हणजे आतले अवयव. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं मोठी होती. बंगळुरू आणि माँट्रियलच्या नवजात बाळांची तुलना झाली तेव्हाही बंगळुरूच्या बाळांची मूत्रपिंडं लहान निघाली, आणि तिथल्या अनेक आयांच्या रक्तात जीवनसत्त्व ‘अ’ कमी होतं.

नेफ्रॉन कमी म्हणजे लगेच आजार नव्हे. प्रत्येकाला जास्त काम करावं लागतं, एवढंच. अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी 1988 मध्ये मांडलं की याच जादा कामाने पुढे रक्तदाब वाढतो. जर्मनीत अपघातात दगावलेल्या माणसांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रक्तदाब असलेल्यांकडे एका मूत्रपिंडात सुमारे सात लाख नेफ्रॉन होते, नसलेल्यांकडे चौदा लाख.

आता भिवंडीकडे पाहा. नेफ्रॉनच्या तुटपुंज्या भांडवलावर जन्मलेला मुलगा विशीत लूमवर उभा राहतो. घाम वाहतो, तार तुटली की धावावं लागतं, पाणी प्यायचं राहून जातं. ज्याच्याकडे चौदा लाख आहेत तो हे बरीच वर्षं सोसतो. सात लाखवाल्याचा धीर लवकर सुटतो. एकाच शेडमधल्या दोघांचं नशीब वेगळं का, याचं निदान काही उत्तर इथे आहे. म्हणून मूत्रपिंडाचा दवाखाना डायलिसिसच्या खोलीपासून नव्हे, कांड्या भरणाऱ्या गर्भवतीच्या जेवणापासून आणि विश्रांतीपासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड फेकू नका. त्यावर जन्मवजन लिहिलेलं असतं. ते अडीच किलोपेक्षा कमी असेल, किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर शाळेच्या वयापासून वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. आणि डॉक्टरांना न विचारता त्याला वेदनाशामक गोळी देऊ नका.