गिरगांव ते दादर : कांहीं आवडते आवाज

तीन-चार पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या घरांत भाजी कोणती करावी यावर एकमत होऊं शकतें; पण गाणारा कोण चांगला, यावर एकमत होणें कठीण. आजोबांस बालगंधर्वांनंतर कोणी गाइलें हेंच मान्य नसतें. वडिलांचें मन केसरबाई आणि कुमार गंधर्व यांच्यापाशीं गुंतलेलें. आई आणि काकू लताबाईंचें नांव घेतात. आणि मुलें काय ऐकतात तें त्यांच्या कानांत खोंचलेल्या यंत्रासच ठाऊक! या वादांत जो तो आपल्या आवडत्या गळ्याची गोडी वर्णन करतो. परंतु गोडी हें विशेषण झालें, कारण नव्हे. एकच आवाज आपणांस जन्मभर कां धरून ठेवतो, हें त्यानें उलगडत नाहीं.

आम्हांस असें वाटतें कीं, आवाज जितका गळ्यांत तितकाच जागेंत घडतो. नाटकगृहाची शेवटची रांग, दिवाणखान्यांतली बैठक, गिरणीच्या दाराबाहेरचें मैदान, ध्वनिमुद्रणाची बंद खोली, यांतलें जें ज्याला भरावयाचें असतें, तसा त्याचा गळा होतो. मुंबईंत हीं चारही ठिकाणें गिरगांव आणि दादर यांच्या दरम्यान, एका दिवसांत पाहून होतील इतक्या जवळ आहेत. तीं पाहण्याकरितां आम्ही निघालों, त्या वाटेचा हा वृत्तांत.

चर्नी रोड स्टेशनावर उतरून पूर्वेस वळलें कीं थोड्याच पावलांवर ऑपेरा हाउस लागतें. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उघडलेली ही वास्तु १९९३ सालीं बंद पडली आणि २०१६ सालीं पुन्हां झळाळून उघडली. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांचे स्वर या छतानें ऐकलेले आहेत. बालगंधर्वांचा (१८८८–१९६७) आवाज भव्य नव्हता. तो श्रोत्यांवर चालून जात नसे. श्रोत्यांनींच जरा पुढें सरकून तो ऐकावा, अशी त्याची जात होती. थिरकवाखांसारखा तबलजी साथीला असतांही लयीचें ओझें त्यांनीं पदावर कधीं पडूं दिलें नाहीं. शब्दाचा अर्थ पुरता पोंचल्यावांचून तान सुटावयाची नाहीं आणि तान सुटली तरी ती भामिनीची किंवा रुक्मिणीचीच राहावयाची. आजोबांच्या पिढीला त्यांत केवळ संगीत ऐकूं येत नसे; घरांतल्या मर्यादेस न सोडतां बोलतां येणारें प्रेम ऐकूं येत असे.

याच्या उलट जातीचा गळा केशवराव भोसले यांचा. ८ जुलै १९२१ रोजीं येथून जवळच ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें, त्यांत केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. एक आवाज तेजस्वी, उंच आणि चढाईचा. दुसरा मृदु, आर्जवी आणि लोचदार. पुढें तीनच महिन्यांत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, केशवराव निवर्तले. त्या रात्रीं कोण सरस ठरला, हा वाद मराठी घरांतून पुढें कित्येक वर्षें चालला. आम्हांस त्याचें मर्म इतकेंच दिसतें कीं, एकाच नाटकगृहास दोन स्वभावांचे गळे पुरून उरले.

ऑपेरा हाउसच्या आसपासचा हा टापू म्हणजे एके काळीं गाण्याची पेठच होती. पंडित विष्णु दिगंबर यांनीं लाहोरनंतर १९०८ सालीं मुंबईस गांधर्व महाविद्यालय आणलें तें याच भागांत. प्रोफेसर देवधरांची संगीतशाळा १९२५ सालीं सुरू झाली तीही येथेंच. बेळगांवकडील सुळेभावी गांवचा शिवपुत्र कोमकळी नांवाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा या शाळेंत आला आणि कुमार गंधर्व (१९२४–१९९२) म्हणून सर्व हिंदुस्थानास ठाऊक झाला. पुढें क्षयानें त्यांचें एक फुप्फुस निकामी झालें. १९४८ सालीं ते हवापालटासाठीं देवासला गेले आणि तेथेंच राहिले. कित्येक वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर ते पुन्हां गाऊं लागले, तेव्हां त्या गाण्यांत लांबलचक श्वासाचा डौल नव्हता. लहान लहान झेपा, मध्येंच शांतता आणि त्या शांततेंतून बाणासारखा सुटलेला स्वर होता. शरीरांत जें उणें झालें त्याचीच त्यांनीं शैली केली. आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाला त्यांचीं निर्गुणी भजनें जवळचीं वाटतात, त्याचें कारण हेंच असावें.

जवळच अवंतिकाबाई गोखले मार्गावर लक्ष्मीबाग आहे. खालीं गिरगांवची वर्दळ आणि आंत गाण्याची बैठक, असा या दिवाणखान्याचा लौकिक. अशा खोलींत गाणारा आणि ऐकणारा यांच्यांत चार हातांचें अंतर असतें. गायकाची कोणतीही लबाडी तेथें खपत नाहीं. उस्ताद अल्लादियाखांसाहेब (१८५५–१९४६) यांची अवघड गायकी मुंबईंत रुजली ती अशाच बैठकींतून आणि ती पुढें नेणाऱ्यांत अग्रभागीं होत्या गोमंतकांतल्या दोन स्त्रिया : केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई. केसरबाईंचा (१८९२–१९७७) आकार मोकळा, भरदार, एखाद्या मंदिराच्या गाभाऱ्यांत घंटा वाजावी तसा. ध्वनिवर्धकाची मेहेरबानी त्याला लागत नसे. मोगूबाईंचा (१९०४–२००१) मोठेपणा निराळा. त्यांच्या गाण्यांत लय ही मोजणी न राहतां चालणें बनली होती. सम कोठून येते हें कळावयाच्या आधींच ती येऊन बसलेली असे. त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर (१९३२–२०१७) यांनीं हीच विद्या घेतली आणि घराण्याच्या शिस्तीपेक्षां रागाच्या भावाला मोठें मानलें.

१९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत गेलीं. त्यांच्यासोबत पृथ्वीच्या ओळखीदाखल पाठविलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षीं १६ सप्टेंबरला, दुसरें यान सुटल्यावर अकराच दिवसांनीं, बाई गेल्या. आकाशापलीकडे हा मान आणि पृथ्वीवर काय? कलावंतांच्या घराण्यांत जन्मलेल्या या स्त्रियांना त्यांच्या ऐन उमेदींत मैफलीला बोलावणारें प्रत्येक घर पंक्तीला बोलावीतच असे, असें नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं त्यांच्या स्वरावर जीव ओंवाळला आणि त्यांच्या पानाला मात्र निराळी जागा दाखविली. आवडत्या आवाजांच्या कौतुकांत ही गोष्ट विसरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

तेथून गिरगांवच्या गल्ल्यांतून दक्षिणेस चालत गेलें म्हणजे फणसवाडी लागते. वरणभाताची वेळ, गॅलरींत वाळत घातलेलीं लुगडीं, कोठें तरी देवघरांतली घंटा. अशा वस्तींत लावणीचें नांव मोठ्यानें काढणें एके काळीं अशक्य होतें. आणि नेमक्या याच फणसवाडींत १९३३ सालीं सुलोचना चव्हाण जन्मल्या. आचार्य अत्र्यांनीं त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलें. त्यांचे यजमान श्यामराव चव्हाण यांनीं त्यांच्याकडून लावणीच्या उच्चाराची मेहनत करून घेतली. डोईवरचा पदर ढळूं न देतां, हातवारे न करतां, केवळ शब्दांच्या फेंकीवर त्या लावणी उभी करीत. त्यांच्या गळ्यांतला ठसका लाडिक नव्हता, खमंग होता. प्रत्येक व्यंजन फोडणींतल्या मोहरीसारखें तडतडे. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) आणि ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) या चित्रपटांतल्या त्यांच्या लावण्या रेडिओवर लागल्या, कीं स्वयंपाकघरांतलें पोळपाट क्षणभर थांबे. तें कोणी पाहिलें नाहीं, इतकेंच! २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं १० डिसेंबर रोजीं त्या गेल्या.

लावणीचा माग काढीत पुढें लालबागेस जावें लागतें. गिरण्यांच्या या मुलुखांत हनुमान थिएटर होतें. तमाशाचे नामांकित फड गांवोगांवची धूळ घेऊन तेथें उतरत आणि पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून बसे. आतां तेथें ढोलकी वाजत नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर सुमारें अडीच लाख कामगारांच्या घरांतलें ताटच हललें, तेथें तमाशाच्या तिकिटाची काय कथा! भोंग्यांच्या जागीं आज काचेचे मनोरे उभे आहेत. परळचें दामोदर नाट्यगृह, ज्यानें १९२२ पासून कामगार रंगभूमीला आसरा दिला, तेंही २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठीं बंद झालें.

या भागांतला आवाज ऐकावयाचा तर छप्पर विसरावें लागतें. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) बार्शीचे. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) वाटेगांवचे. गव्हाणकर शाहिरांसह त्यांनीं लाल बावटा कलापथक चालविलें. मैदानांत भिंत नसते, म्हणून स्वर परत येत नाहीं; जो फेंकला तो गेला. तेव्हां नाजूक मुरकी तेथें मरते आणि लांबवर टिकणारा, उंच, उघडा सूरच तग धरतो. अमर शेखांचा पहाडी आवाज हा असा होता. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडींत गांवीं राहिलेल्या बायकोचा विरह आहे आणि त्याच विरहांतून बेळगांव-कारवार-निपाणीच्या ताटातुटीचें दुःख उभें राहतें. दहा बाय दहाच्या खोलींत डझनभर माणसांनीं पाळीपाळीनें झोंपावयाचें आणि बायको कोंकणांत किंवा घाटावर, हें ज्याचें रोजचें जिणें, त्याला हें गाणें सभेंत ऐकतांना राजकारण वाटत नसे. घरचें पत्र वाटे. याच परंपरेंतले पसरणीचे शाहीर साबळे (१९२३–२०१५). राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा खणखणीत गळा यांतून झालेलें महाराष्ट्रगीत २०२३ सालीं राज्यगीत ठरलें.

परळहून दादरचें शिवाजी पार्क फार दूर नाहीं. आमची वाट येथें संपली, कारण वाटेवरचे बहुतेक आवाज येथें एकत्र भेटतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून अमर शेख येथें गाइले. शेजारच्या चैत्यभूमीवर दर ६ डिसेंबरला लाखों माणसें बाबासाहेबांना वंदन करण्यास येतात, तेव्हां या मैदानाभोंवतीं प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा दणकट, किंचित् खरखरीत, निर्व्याज आवाज घुमतो. गंमत अशी कीं, तोच आवाज आमच्या घरांत आषाढी एकादशीस पहांटे लागतो. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ ऐकल्यावांचून पुष्कळ घरांत फराळाचें ताट मांडलें जात नाहीं. ज्या गळ्यानें पंढरीची वाट गाइली त्याच गळ्यानें भीमगीतें गाइलीं, हें आपल्यांतल्या किती जणांस ठाऊक असतें? कान उंबरठा केव्हांच ओलांडून जातात. पाय मात्र आंत राहतात.

आणि याच मैदानावर ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं संध्याकाळीं लताबाईंना अग्नि दिला गेला. पितृनिधनानंतर मुंबईस आलेली ही मुलगी आधीं नाना चौकांत राहिली. भेंडीबाजारवाले अमानअलीखां यांच्यापाशीं तिनें तालीम घेतली. तिचा आवाज कोणत्याही मैदानासाठीं नव्हता. तो ध्वनिग्राहकासमोरच्या बंद खोलीचा आवाज, जेथें श्वासही ऐकूं जातो आणि तीन-चार मिनिटांत सारें सांगून व्हावें लागतें. सुरावर सरळ, बारीक, दिव्याच्या ज्योतीसारखें उभें राहणें हें त्या खोलीचें मागणें होतें. तें तिनें असें पुरविलें कीं, ज्ञानदेवांचे अभंग आणि कोळ्यांचीं गाणीं सारख्याच स्वच्छपणें घरोघर पोंचलीं. मोठ्या जागा भरणारे आवाज आपणांस समुदायांत घेऊन जातात. हा आवाज प्रत्येकाला एकट्यालाच भेटला.

मग कोण श्रेष्ठ? आम्हांस आतां हा प्रश्न आगगाडी श्रेष्ठ कीं होडी, असा वाटतो. प्रत्येक गळा आपापल्या जागेचें उत्तर आहे. आपला आवडता गायक कोण, यावरून आपण कोणत्या जागेंत वाढलों तें कळतें आणि नावडता कोण, यावरून आपण कोठें कधीं गेलोंच नाहीं तें कळतें. आम्हीं स्वतः पुष्कळ वर्षें केवळ दिवाणखान्याचें गाणें ऐकलें. परळचा सूर कानीं येई, पण तो शेजारच्या लग्नघरांतल्या गलबल्यासारखा.

वाचकांस आमची एकच सूचना आहे. घरांत जेव्हां पुढच्या खेपेस आवडत्या गायकाचा वाद निघेल, तेव्हां एकमेकांचे गायक पाडण्याऐवजीं प्रत्येकानें दुसऱ्याच्या आवडीचें एक गाणें पूर्ण ऐकावें आणि जमल्यास तें ज्या वस्तींत जन्मलें तेथें सर्वांनीं मिळून एकदां जाऊन यावें. मुलांना बरोबर न्यावें, सुनांना आणि आजीलाही न्यावें. गिरगांवाहून लालबाग बसनें अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे; आपल्या घरांना ती तुडवावयास शंभर वर्षें लागलीं.