नवा पलंग, जुना मान

तुळजापूर

ती. बाबांस,

जपानमधले इसेचे देऊळ दर 20 वर्षांनी नव्याने उभारतात. मागची खेप 2013 ची, पुढची 2033 ची. मग ते प्राचीन कसे, ही आपली शंका. बालाघाटाच्या या डोंगरात तिचे उत्तर सापडते, असे मला वाटते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. दसऱ्याला देवी पालखीतून सीमोल्लंघन करते आणि पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तिचा मान तेली समाजाकडे. पलंग घडतो थेट पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात, आणि जुन्नर, अहिल्यानगर करत गावोगावचे दर्शन घडवत इथवर पोहोचतो. लाकूड दर वर्षी नवे. टिकून आहे ती ते घडवण्याची, वाहून आणण्याची बांधिलकी. इसेतही सुतारांचे हात आणि देवळासाठी राखलेले वन हेच खरे जुने आहे. म्हणून तुळजापूरच्या विकासाचा विचार देवळाच्या चार भिंतींशी थांबू नये. पलंगाची वाट, आराध्यांची, गोंधळ्यांची बसायची जागा, कल्लोळ तीर्थाचे पाणी हे सगळे देवस्थानच आहे.

नळदुर्ग

आपण म्हणाल, इसेचे देऊळ लाकडी, आपले दगडी. पाडून बांधायचा दाखला इथे कशाला? अगदी मान्य. जुना चिरा एकदा गेला की गेलाच, तो जपलाच पाहिजे. पण नुसता दगड जपून काय उरते, ते या किल्ल्यात दिसते. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाहीतला पाणीमहाल आजही भक्कम आहे, पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, बघणारे थक्क होतात. मात्र त्याच्यासाठी दर साली घोडेगावाहून कुणी निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मानकरीपण वंशपरंपरेने चालते, त्यातून मक्तेदारी येते. येते, हे खरे. पण त्यावर उपाय नियमांचा आहे. निजामाच्या राजवटीत 1909 साली ‘देऊल-ए-कवायत’ लागू करून तुळजापूरच्या देवळातल्या पूजेअर्चेचे हक्क आणि कारभार बांधून दिलेच होते. तसे उत्पन्नाचे हिशेब उघडे ठेवावेत, सेवा मात्र मोडू नये. नवरात्राच्या गर्दीला रुंद रस्ते हवेत, यात वाद नाही. ते आखताना पलंग-पालखीच्या मानकऱ्यांना आणि गोंधळ्यांना आधी विचारावे, नकाशा पक्का झाल्यावर नव्हे.

आपला,
चिरंजीव