शून्य, एक की दोन

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना इन्स्टॉलरने विचारलं होतं, एक्स विंडो चालवणार का? मशीन सर्व्हर म्हणून ठेवायचं होतं, मी 'नाही' म्हणालो. महिन्याभराने ग्राफिक्सची गरज पडली आणि स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर उठेना. रूट होऊन पाहिलं, तरी कर्नल ढिम्म. 'मॅकडेप डॉट अलाउअपर्चर' हा आकडा ०वर होता. मशीन बूट होऊन सिक्युरलेव्हल, म्हणजे कर्नलची सुरक्षा-पातळी, १वर गेली की तो रूटलाही वाढवता येत नाही, फक्त कमी करता येतो. सेटिंगच्या फाइलीत बदल करायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं.

मी थेट २ लिहिलं. स्क्रीन उजळली, काम झालं.

अपर्चर म्हणजे झरोका. त्या काळी स्क्रीनचा मोड बदलणं, कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिणं ही कामं कर्नल नव्हे, एक्स सर्व्हर स्वतःच करायचा. म्हणून त्याला मेमरीत डोकवायला हा झरोका. १ने तो जेमतेम उघडतो, २ने मेमरीचा पहिला अख्खा मेगाबाइट उघडा पडतो. एवढ्या मोठ्या प्रोग्रामला!

२००६मध्ये फ्रान्सचे सुरक्षा संशोधक लोइक द्युफ्लो यांनी या उघड्या झरोक्याचा अर्थ दाखवून दिला. ६४० केबीनंतरचे १२८ केबी ही जुन्या व्हीजीए कार्डाची जागा. पेंटियम मशीनवर त्याच पत्त्यांमागे सिस्टिम मॅनेजमेंट मोडची मेमरीही असते. प्रोसेसरचा हा मोड कर्नलच्याही वरचा. त्या पत्त्यांवर कोणती मेमरी दिसायची, हे चिपसेटमधला एक बिट ठरवतो. फर्मवेअरने त्याला कुलूप घातलं नसेल, तर झरोका आणि आयओ पोर्ट हाताशी असलेला रूटचा प्रोग्राम तो बिट फिरवून तिथे आपला कोड ठेवू शकतो. मग सिक्युरलेव्हलची कडी कर्नलला नकळत निघते. हे वाचलं तेव्हा माझा तो २ आठवला आणि पोटात गोळा आला. मी तो का लिहिला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खरा उपाय झरोका लहान करण्यात नव्हता. मोड बदलायचं काम कर्नलनेच अंगावर घेण्यात होता. लिनक्सने इंटेल कार्डांसाठी ते २००९मध्ये २.६.२९ आवृत्तीत केलं, ओपनबीएसडीने २०१३मध्ये ५.४मध्ये. अशा मशीनवर ०वरही स्क्रीन चालते.

तुमच्याकडे जुनी सेटिंगची फाइल वर्षानुवर्षं पुढे नेली जात असेल, तर आज ती एकदा उघडून पाहा. तिथे २ दिसला आणि तुमच्या कार्डाचा मोड कर्नलच बदलत असेल, तर ० करून मशीन पुन्हा सुरू करा.